तिसरी पाळी

शनिवारी तीन वाजता सौना पेटे.
आधी पुरुषांची पाळी, मग बायकांची.
उरलेली ऊब दगडांची दगडांना.

शाळेत जायच्या आधी
कुणाचंही बोट धरून आत जायची मुभा असे.
मी दोन्ही पाळ्यांना जाई.
वडिलांच्या पाठीवरचे तीळ मला पाठ,
आईच्या पोटावरचे टाके पाठ.
वाटे, मोठं होणं म्हणजे
आणखी वरच्या बाकड्यावर बसणं,
बाकी काही नाही.

माझं नाव राउनी.
आमच्याकडे ते मुलाचंही असतं, मुलीचंही.
आमच्या भाषेत तो आणि ती असं वेगळं नाही,
सगळ्यांना मिळून एकच इवलासा शब्द.
भाषेची हरकत कधीच नव्हती.
हरकत होती ती दाराची.
आणि ओळखक्रमांकातल्या एका आकड्याची:
विषम पुरुषांना, सम बायकांना.
माझा सम.
माझं गणित पहिल्यापासून कच्चं.

तेराव्या वर्षी मला पाळी आली.
आईनं जुन्या चादरीच्या घड्या हातात ठेवल्या,
म्हणाली, आता कायम आमच्याबरोबर.
तो शनिवार मी लाकडांच्या खोपटात काढला.
पुढचाही.
थंडी उणे वीस, शेंबूड गोठलेला,
आणि सौन्याच्या भिंतीपलीकडे बायकांचं हसणं,
पाण्याचा चुर्र आवाज.
हळूहळू कुणी विचारेनासं झालं.
सगळ्यांची जेवणं झाल्यावर,
हातात कंदील,
अशी तिसरी पाळी सुरू झाली.

तिला माणूस एकच.

मधली वर्षं कागदाच्या गिरणीत.
दोन्ही मुताऱ्यांपासून सारख्याच अंतरावर माझं यंत्र.
एका उन्हाळ्यात कुणीतरी सोबत आलं होतं तळ्यावर,
पाठ चोळून दिली होती बर्चच्या डहाळीनं.
ऑगस्टात बदली झाली. नाव नको.
पन्नाशीला औलूच्या इस्पितळात
छातीवरचं ओझं उतरवून घेतलं.
डॉक्टरनं विचारलं, मग आता काय व्हायचंय?
म्हटलं, आंघोळ करायचीय.

मोठा भाऊ तायस्तो या विषयावर
जन्मभरात चार वाक्यं बोलला.
त्यातली तीन हवामानाची.
चौथं: लांब गाडी चालवून आलीस का आल्यास,
असं काहीतरी चुकत-माकत,
मग खिडकीबाहेर बघत राहिला.

फेब्रुवारीत गेला. कबरीसाठी जमीन
दोन दिवस शेगडीनं तापवावी लागली.

त्यानंतरचा शनिवार.
पुतण्यानं सौना पेटवला, पुरुष गेले, बायका गेल्या.
मी कंदील घेऊन आत जाऊन बसणार,
तर बाकडं गार.
दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं.
पाणी नुसतं ओघळलं.
चुर्र नाही, वाफ नाही, काही नाही.

स्वयंपाकघरात भावजय कप विसळत होती.
तिला म्हटलं, हेल्वी, दगड बदलायला हवेत,
ऊब धरत नाहीत.
तिनं नळ बंद केला.
अगं... अरे... राउनी, म्हणाली,
बायका बाहेर आल्या की तो परत जायचा ना.
बूट न घालता, मोज्यांवर.
चार ओंडके टाकून यायचा.
दर शनिवारी.
मला वाटलं, तुला ठाऊक आहे.

अठ्ठावन्न वर्षं.
मला वाटत आलं की दगड चांगले आहेत.

आता गुडघे दुखतात,
कंदिलाऐवजी डोक्याला दिवा बांधून जावं लागतं.
लाकडं मीच फोडेन म्हटलंय पुतण्याला.
आणि येत्या शनिवारी
कुणाच्याही पाळीच्या आधी आत जाईन,
काळी भिंत अजून गारच असेल तेव्हा.
वरच्या बाकड्यावर बसेन.
पहिल्या वाफेचा आवाज कसा असतो,
विसरायला झालंय.